पाचव्या स्थानावरची चार वाक्यं

वसईच्या पट्ट्यात, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, अशा चिंचोळ्या जागेत कोलवली गाव वसलेलं आहे. त्या गावच्या देवळात फादर मातेव बावीस वर्षं होते. रोमने त्यांना संत म्हटलंय की नाही ते रोमला ठाऊक. कोलवलीने केव्हाच म्हणून टाकलंय. त्यांच्या कबरीवरची मोगऱ्याची माळ सुकलेली कुणी पाहिली नाही, आणि माळ वाहायला आलेला माणूस जाताना थोडा हसतोच. कबरीवर हसायचं? तर हो. बाबा होतेच तसे. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून सायकलीवरून गावभर फिरायचे, आणि सायकलीला ब्रेक नव्हता. कुणी काळजीने विचारलं तर बाबा म्हणायचे, "देव आहे ना लावायला. फक्त तो ऐनवेळी लावतो, आधी नाही."

मंडळी, तो ब्रेक एकदा देवाने कुठे लावला त्याची ही गोष्ट.

झालं असं, की उपवासकाळात म्हणायच्या क्रुसाच्या वाटेचं देवळातलं पुस्तक जुनंपुराणं झालं होतं. कुणी कधी भाषांतर केलं होतं कोण जाणे. त्यातली भाषा ऐकून म्हाताऱ्या रडायच्या खऱ्या, पण त्या आधीपासूनच रडत असायच्या. बाबांनी एका रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर विचारलं, "तुम्हाला बांधाच्या भांडणाचा अर्ज लिहिता येतो. सोयरीक मोडल्याचं पत्र तर असं लिहिता की वाचणारा आठ दिवस जेवत नाही. मग देवासाठी एक पान लिहिता येणार नाही?"

येशूला क्रुसावर द्यायला नेलं त्या वाटेवरची चौदा स्थानं, म्हणून चौदा माणसं. असं कोलवलीचं लेखक मंडळ उभं राहिलं. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर देवळामागच्या ओट्यावर बसायचं. आता ही सगळी माणसं मोगरेवाली. उपवासकाळात वेदीवर फुलं चढत नाहीत, पण बाजाराला कुठला उपवास? पहाटे खुडलेल्या कळ्या दुपारी टेम्पो यायच्या आत ओवून व्हायला हव्यात. म्हणून प्रत्येक जण कळ्यांची टोपली आणि दोरा घेऊनच बसायचा. बाबांनी त्यावरूनच नियम काढला.

"आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही," बाबा म्हणाले. "शेजाऱ्याने वाचायचं. बाकीच्यांनी माळा ओवत ऐकायचं. ज्या वाक्याला हात थांबतील ते ठेवायचं. ज्या वाक्याला हात चालतच राहतील ते छाटायचं. आणि छाटल्यावर लिहिणाऱ्याने भांडायचं नाही. 'देव बरं करो' म्हणायचं आणि खाली बसायचं."

पहिला बळी बाबांनी स्वतःचाच दिला. मागच्या रविवारचं प्रवचन आणलं आणि गावच्या सुईणीला, फिलू डाबरेला, वाचायला लावलं. वीस मिनिटं वाचन चाललं, सहा हात लांब माळ झाली, पण थांबला एकही हात नाही. बाबा उठले, "देव बरं करो" म्हणाले आणि बसले. पुढच्या रविवारी त्यांचं प्रवचन सात वाक्यांचं होतं. गावाला वाटलं, मंडळ काढलं ते फार बरं झालं.

त्या चौदा जणांत सांतान रुमाव होता. चौथी शिकलेला, मोगऱ्याच्या दोन वाफ्यांचा मालक. तरुणपणी घशाचं दुखणं झालं तेव्हापासून आवाज असा बसलेला, की सुक्या केळीच्या पानावरून कुणी चालतंय असं वाटावं. वाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला त्याची हाक पोचायची नाही. आणि पोचूनही उपयोग नव्हता, कारण दुसऱ्या टोकाला त्याची बायको कोस्तांसा, आणि ती ठार बहिरी. नऊ वर्षांपूर्वी तापाने फणफणली, वाचली, पण कान गेले. सांतान तिला ओट्यावर सोबत घेऊन यायचा. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची आणि सगळ्यांपेक्षा भराभर माळा ओवायची.

सांतानच्या वाट्याला पाचवं स्थान आलं होतं. कुरेनेचा शिमोन शेतावरून घरी चाललाय, शिपाई त्याला धरतात आणि येशूचा क्रूस उचलायला लावतात, ते स्थान. सांतानने पहिल्या रविवारी अकरा पानं आणली. शिमोनचं गाव, शिमोनचं शेत, शिमोनचे बैल, सगळं त्यात होतं.

आणि चौदा जणांत रेमेद तुस्कानो मास्तर होते. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, लिहिलेलं छापून आलेला गावातला एकमेव माणूस. काळी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यांनी सांतानची अकरा पानं नुसती हातात तोलली.

"सांतान, हे लिहिलंस की पेरलंस?"

लोक हसले. सांतानही हसला. मग वाचन झालं, हात काही थांबले नाहीत, आणि सांतान "देव बरं करो" म्हणून खाली बसला. त्याला राग आला नाही. मोगरेवाला होता तो. मोगऱ्याचं पाणी तोडावं लागतं, पानं झडू द्यावी लागतात, कात्री लावावी लागते. नाहीतर झाड नुसतं पानांनी डवरतं आणि कळीचा पत्ता नसतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पुढच्या रविवारी सात पानं आली, त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

"आता पुढच्या खेपेला पोस्टाच्या तिकिटामागे लिहून आण," मास्तर म्हणाले. "आणि बायकोला ऐकव. मुका लेखक, बहिरा श्रोता. जोडा शोभतो."

फिलूबाय म्हणाली, "मास्तर, तुमचं कधी वाचायला देणार? दहावं स्थान तुमचं, अजून एक पान कुणी पाहिलं नाही."

"पक्कं झालं की दाखवीन. कच्चं मी कुणाच्या हातात देत नाही."

त्या दिवशी सगळे गेल्यावर बाबांनी सांतानला थांबवलं. त्याच्या तीन पानांकडे बघत म्हणाले, "शिमोन झाला, त्याचे बैल झाले. सांतान, तू कुठे आहेस यात?"

सांतानने पानांची घडी करून खिशात घातली. तो कुठे आहे हे त्याला चांगलं माहीत होतं आणि तेच लपवायला त्याने बैल उभे केले होते.

गोष्ट अशी होती. कोस्तांसाचे कान गेल्यावर बाजाराचं, नात्यागोत्याचं, आल्यागेल्याचं सगळं सांतानच्या गळ्यात पडलं. त्याने ते केलं. गावात म्हणत, सांतानसारखा नवरा नाही. पण घरात, चुलीसमोर, तिच्या तोंडासमोर बसून तो बोलायचा. "मीच का? माझ्याच नशिबात हे गाठोडं का?" तिला ऐकू येत नव्हतं ना. आणि तिला कळू नये म्हणून चेहरा हसरा ठेवून बोलायचा. तीही हसून मान डोलवायची आणि त्याला वाढायची. नऊ वर्षं. पहिलं वर्ष राग होता, पुढे सवय झाली, आणि आता त्या सवयीचं ओझं असं झालं होतं की घास उतरत नव्हता. माफी मागायची तर ऐकणार कोण? तिला वाचताही येत नव्हतं.

पाचव्या रविवारी सांतानने चार वाक्यं आणली. कुणी कुणाचं वाचायचं याच्या चिठ्ठ्या सुरुवातीलाच टाकल्या होत्या. सांतानचं मास्तरांनी वाचायचं आणि मास्तरांचं सांतानने. मास्तरांनी कागद दोन बोटांत धरला, नाटकातल्यासारखा घसा खाकरला आणि वाचलं:

"शिमोन शेतावरून घरी चालला होता. शिपायांनी धरलं तेव्हा तो म्हणाला, मीच का? क्रूस मात्र त्याने उचलला. मीही उचललाय, पण नऊ वर्षं झाली, माझं 'मीच का' अजून संपलेलं नाही."

चौथ्या वाक्याला मास्तरांचा नाटकी आवाज कुठेतरी घसरला. त्यांनी तो लगेच सावरला. "झालं? एवढंच?"

"हात बघा, मास्तर," बाबा म्हणाले.

ओट्यावरचे सगळे हात थांबले होते. फिलूबायच्या हातातली कळी अर्धी ओवलेली तशीच होती. मास्तरांनी सगळीकडे नजर फिरवली आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. कोस्तांसाचे हात भराभर चालले होते.

"एक जोडी चालू आहे, फादर. नियम तुमचाच. की बहिरीला सूट?"

ओट्यावर कुणी हसलं नाही. बाबांनी कोस्तांसाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूट कुणालाच नाही. थांबतील तेही. घाई काय आहे?"

पवित्र सप्ताह आला. मास्तरांनी चौदाही स्थानं आपल्या वळणदार अक्षरात सुट्या कागदांवर उतरून काढली, निळ्या रिबिनीने बांधली, आणि बाबांकडे गेले. म्हणाले, हजार माणसं टेकडीवर येणार, वसईहून पाहुणे येणार. चौदा जणांनी चौदा तऱ्हेने वाचलं तर हसं होईल. मी एकटाच वाचतो.

"वाचा की," बाबा म्हणाले. "फक्त वाऱ्याला विचारून घ्या."

मास्तरांना वाटलं, फादरांची नेहमीची चेष्टा.

गुरुवारी पाय धुण्याचा विधी आटोपून लोक बाहेर पडत होते, तेव्हा मास्तरांनी सांतानला गाठलं. "तुझं ते मी वगळलंय. पाचव्या स्थानाला मी स्वतः दोन पानं लिहिली आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस. चारचौघांत घरचं रडगाणं शोभत नाही."

सांतान "देव बरं करो" म्हणाला. पण या वेळी त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं. तो तडक बाबांकडे गेला. बाबा ओले टॉवेल वाळत घालत होते.

"बाबा, मास्तर शहाणे आहेत. पण मला ते म्हणायचंच होतं. ती समोर असताना, गावासमोर. तिला ऐकू नाही आलं तरी. घरात मी तिच्या तोंडावर नऊ वर्षं बोललो, त्याची फेड कुठेतरी तोंडावरच व्हायला पाहिजे. आता ते गेलं तर मी परत कधी म्हणणार नाही, मला माझी खात्री आहे."

बाबांनी त्याच्या हातात टॉवेलचं एक टोक दिलं आणि पिळायला लावलं. "उद्या ये," ते म्हणाले. "तिला घेऊन ये. आणि कागद आणू नकोस."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मिठागरांच्या काठच्या टेकडीवर माणसांची रांग लागली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चौदा लाकडी क्रूस रोवलेले. मास्तर इस्त्रीच्या कोटात, हातात रिबिनीचा गठ्ठा, पुढे लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला. पानही हलत नव्हतं. मास्तरांनी बाबांकडे अशा नजरेने पाहिलं, की विचारलं हो वाऱ्याला, तो घरी नाही. बाबांनी मान खाली घातली. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

चार स्थानं झाली. मास्तरांची भाषा टेकडीवरून दुमदुमत होती आणि माणसं ऊन लागू नये म्हणून पदर, रुमाल सारखे करत होती. सांतान पाचव्या क्रुसाजवळ कोस्तांसासोबत उभा होता. तिच्या हातात जपमाळ. मणी एकामागून एक सरत होते, ओट्यावरच्या कळ्यांसारखे.

मास्तर पाचव्या क्रुसाशी आले, रिबीन सैल करून पान उलटलं, आणि तोंड उघडलं.

वारा कुठून आला कुणी पाहिलं नाही. समुद्राकडून आला असता तर आधी खालची ताडाची झाडं हलली असती, ती हलली नाहीत. एकच गिरकी आली, फक्त मास्तरांभोवती. निळी रिबीन हवेत, कागद हवेत, आणि बघता बघता सगळा गठ्ठा बगळ्यांच्या थव्यासारखा टेकडीवरून खाली मिठागरात उतरला. मास्तर दोन पावलं कागदांमागे धावले, तोल गेला, कर्ण्याच्या तारेत पाय अडकला आणि कर्णाही गप्प झाला.

मग वारा थांबला. अगदी थांबला.

हजार माणसं मास्तरांकडे बघत होती. मास्तर माघारी वळून क्रुसाशी उभे राहिले. आपल्या दोन पानांतलं पहिलं वाक्य आठवू लागले. आठवेना. दुसरं आठवेना. इतकी वर्षं लिहिलेल्या शब्दांतला एक शब्द जिभेवर येईना. कपाळावरचा घाम टोपीत जिरत होता. आणि डोक्यात, कुणी बोलावलेलं नसताना, एकच वाक्य येऊन बसलं होतं. ते ढकलून पाहिलं, जाईना. शेवटी मास्तरांनी ते उचललं.

"शिमोन शेतावरून घरी चालला होता," मास्तर म्हणाले. आवाज साधा होता. "शिपायांनी धरलं तेव्हा तो म्हणाला, मीच का? क्रूस मात्र त्याने उचलला."

इथे ते थांबले. चौथं वाक्य त्यांना येत होतं. पण ते दुसऱ्याचं होतं. त्यांनी मान वळवून सांतानकडे पाहिलं, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या नजरेत टोमणा नव्हता.

बाबा चार पावलांवर उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. सांतानने कोस्तांसाकडे तोंड केलं. चेहरा हसरा ठेवायची सवय होती. तो या वेळी ठेवला नाही.

"मीही उचललाय," सांतान त्या सुक्या पानांच्या आवाजात म्हणाला. "पण नऊ वर्षं झाली, माझं 'मीच का' अजून संपलेलं नाही." आणि मग जे कुठल्याच पानावर लिहायचा धीर झाला नव्हता ते: "कोस्तांसा, मला माफ कर."

पायथ्याशी उभी असलेली माणसं आजही शपथेवर सांगतात, की त्यांना ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. कर्णा बंद होता आणि माणूस घोगरा होता.

पण त्यांचं सोडा. कोस्तांसाच्या हातातले मणी थांबले.

ती सांतानकडे बघत राहिली. मग तिने एक हात कानाशी नेला, डोक्यावरचा पदर सरकवला, जणू कान आहेत की नाहीत ते चाचपत होती.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "मला माफ कर, ते?"

फिलूबाय मागून म्हणाली, "कोस्तांसा, ऐकू आलं तुला?"

"हळू बोल गे, केवढ्याने ओरडतेस," कोस्तांसा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अवो, कान गेले होते, डोळे कुठे गेले होते माझे? नऊ वर्षं बघतेय. रागाने बोलायचात तेव्हा वाटायचं, दमले असतील. हसून बोलायचात तेव्हाच कळायचं, मला शिव्या चालल्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही क्रूस खाली कुठे टाकलात? टाकला असतात तर बोलले असते."

सांतान तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाबा पुढे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "चला, अजून नऊ स्थानं आहेत. येशूला इथेच ठेवून घरी जायचं नाही."

पण वाचायचं काय? कागद तर मिठागरात. तेव्हा एकेक जण पुढे आला. सहावं स्थान ज्याने लिहिलं त्याने नाही, तर ज्याने ओट्यावर रविवारमागून रविवार वाचलं होतं त्याने म्हटलं, तोंडपाठ. सातवं, आठवं, नववं तसंच. छाटून छाटून वाक्यं इतकी नेमकी झाली होती की विसरणं अवघड होतं.

दहावं स्थान आलं. येशूचे कपडे उतरवतात ते. मास्तरांचं. चिठ्ठीप्रमाणे सांतानने म्हणायचं, पण सांतानला ते कधी दाखवलंच नव्हतं. कुणालाच दाखवलं नव्हतं. मास्तर क्रुसासमोर उभे राहिले, रिकाम्या हातांनी. बाबा म्हणाले, "दहावं स्थान. मौन." हजार माणसं गुडघ्यांवर गेली. कोस्तांसा नंतर सांगायची, नऊ वर्षांनी ऐकलेली ती पहिली शांतता, आणि ती बहिरेपणासारखी मुळीच नव्हती.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, पुढच्या रविवारी ओट्यावर सगळे जमले. कोस्तांसाचे कान तसेच शाबूत होते, पुढे एकोणीस वर्षं राहिले, आणि सांतानला चुलीसमोर जीभ सांभाळून बसावं लागलं. कळ्यांच्या टोपल्या मधे आल्या तेव्हा मास्तर उशिरा आले. वर बसले नाहीत, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. खिशातून घडी केलेला एक कागद काढून त्यांनी सांतानच्या हातात दिला.

"चिठ्ठी तुझ्या नावाची निघाली होती," ते म्हणाले. "कच्चं आहे."

सांतानने वाचायला घेतलं. कागद दीड पानाचा होता. वरचं पानभर हात चालत राहिले आणि मास्तर मान खाली घालून ते चालणारे हात बघत राहिले. मग सांतान शेवटाला आला:

"त्याचे कपडे ओढून नेले तेव्हा तो जागचा हलला नाही. माझे कागद उडाले तेव्हा मी त्याला सोडून कागदांमागे धावलो."

ओट्यावर दोरा हलण्याचाही आवाज राहिला नाही. मास्तरांनी इतर कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त कोपऱ्यात पाहिलं. कोस्तांसाचे हात थांबले होते.

मास्तर उठले. काळी टोपी काढली. सांतान आणि कोस्तांसा बसले होते तिथे गेले आणि दोघांसमोर वाकले, इतके खाली की कपाळ कळ्यांच्या टोपलीला लागलं.

"वरचं एक पान छाटा," ते तिथूनच म्हणाले. "देव बरं करो."

मातेवबाबांनी डोळे पुसले, की पुसल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "उठा, मास्तर. टेम्पो यायला अर्धा तास आहे, आणि तुमच्या पायी कुणाचीही माळ पुरी झालेली नाही. घ्या दोरा."

मास्तर खाली बसले आणि त्यांनी दोरा घेतला.